जुन्या वाड्यांतील मोकळें घर

पुण्याच्या सदाशिव, नारायण, शनिवार, कसबा या पेठांतून, त्याचप्रमाणें नाशिक, सातारा, वाई येथील जुन्या वस्तींतून जे थोडे वाडे अद्यापि उभे आहेत, त्यांपैकीं एखादा वाडा, किंवा वांट्यास आलेला त्याचा एखादा भाग, पुन्हां राहण्याजोगा करून घ्यावा अशी इच्छा कांहीं सुशिक्षित कुटुंबांत दिसूं लागली आहे. या इच्छेच्या सोबतीनें दुसरीहि एक इच्छा येते. नव्या सदनिकांतून बैठकीची जागा, जेवणाची जागा आणि स्वयंपाकघर हीं एकाच विस्तीर्ण दालनांत नांदतात. तसेंच मोकळें घर वाड्यांतहि व्हावें असें घरांतील तरुण मंडळींस वाटतें. हें वाटणें मुळींच गैर नाहीं. मात्र पुष्कळदां पहिलें बोलावणें जातें तें पहार घेऊन येणाऱ्या मजुरास, आणि वाडा वाचविण्याच्या हेतूनें आरंभिलेलें काम वाडा खिळखिळा करून थांबतें.

याचें कारण असें कीं, मराठी वाडा हें मूळचें खोल्याखोल्यांचें घर नव्हेच. तें खणांचें घर आहे. भिंती पाडून त्यांत मोकळेपणा आणावा लागत नाहीं. पूर्वीं होता तो कोठें आणि कशानें बुजला हें शोधावें लागतें.

वाड्याची रचना एकदां नीट ध्यानांत आली म्हणजे हें म्हणणें उमगेल. मध्यें आकाशाला उघडा चौक. चौकाच्या चारी अंगांस, हात-दीड हात उंच दगडी जोत्यावर, सोपे आणि पडव्या. त्यांच्या मागें माजघर, देवघर, स्वयंपाकघर, कोठी. बाहेरची भिंत दोन-तीन फूट जाड. खालीं दगडाची आणि वर विटांची किंवा पांढऱ्या मातीची. आंतल्या अंगास मात्र भार वाहतात ते सागवानी खांब. प्रत्येक खांब दगडी तळखड्यावर उभा असतो. त्याच्या माथ्यावर आडवे लांकडी हस्त, हस्तांवर तुळई, तुळईवर जवळजवळ मांडलेल्या कड्या, कड्यांवर फळ्या, आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. हाच थर माडीची जमीन होय. दोन खांबांमध्यें जें अंतर असतें त्याला खण म्हणतात, आणि जुनीं माणसें घर मोजीत तीं फुटांनीं नव्हे, खणांनीं. पांच खणी सोपा म्हटलें कीं ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें सोपा उभा राही. खणाची लांबी बहुधा पांच ते आठ फुटांच्या दरम्यान असे. ती ठरे लांकडाच्या लांबीवर आणि धन्याच्या ऐपतीवर.

पुण्याचा विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावानें १८०७ सालीं बांधविला. त्याच्या चौकांत उभें राहून पाहिलें असतां सुरूच्या झाडाच्या घाटाचे खांब ओळीनें उभे दिसतात, आणि दृष्टि एका खणांतून दुसऱ्या खणांत कोठेंहि न अडखळतां जाते. तो राजवाडा खरा. परंतु सामान्य गृहस्थाच्या चौसोपी वाड्यांतहि बांधणीचें तत्त्व हेंच, प्रमाण तेवढें लहान.

पुढें ला कॉर्बुझिए या नांवानें प्रसिद्ध झालेल्या, आणि चंदीगडमुळें आपल्याकडे सर्वांस ठाऊक असलेल्या स्थपतीनें १९१४ सालीं घराच्या एका सांगाड्याची कल्पना मांडली: सपाट तक्ते, त्यांस तोलणारे मोजके खांब आणि एक जिना, बाकी कांहीं नाहीं. खांबांनीं भार घेतला कीं भिंतीला ओझें उरत नाहीं, ती हवी तेथें उभारावी, नको तेथें वगळावी, हें त्या कल्पनेचें मर्म. युरोपांत ही गोष्ट क्रांतिकारक ठरली, कारण तेथील घरें शतकानुशतकें जाड भिंतींवर उभीं होतीं. वाड्याच्या सोप्यावर पान जुळवीत बसलेल्या आजोबांस तिचें फारसें नवल वाटलें नसतें. पण हें साम्य फार ताणूं नये. कॉर्बुझिएच्या घरांत बाहेरची भिंतहि बिनभाराची असते; वाड्यांत ती तशी नसते. कड्यांचें एक टोंक तुळईवर असलें तरी दुसरें टोंक पुष्कळदां बाहेरच्या भिंतींतच शिरलेलें असतें. म्हणून मोठी खिडकी पाडण्यासाठीं बाहेरच्या भिंतीस हात घालणें हें आंतला आडोसा काढण्यापेक्षां कितीतरी अधिक जोखमीचें काम आहे. पुष्कळ वाड्यांत अरुंद जिना याच भिंतीच्या जाडींत कोरल्यासारखा बसविलेला असतो. तेथें भिंत आधींच पोकळ. त्याच्या जवळपास तर छिन्नीसुद्धां लावूं नये. त्या अंधाऱ्या जिन्यास एक दिवा आणि धरावयास एक जाड दोर दिला कीं पुरे.

आतां प्रश्न असा कीं, हा मोकळेपणा होता तरी कोणासाठीं? सदर मोकळी होती, सोपा मोकळा होता, माडीवरचा दिवाणखाना मोकळा होता. तेथें पुरुषमंडळी बसत, हिशेब होत, आलागेला विसांवे. जसजसें मागें जावें तसतसा उजेड कमी होई. माजघरांत दिवसाहि समई लागे. स्वयंपाकघरांत चुलीचा धूर कोंडून कड्या काजळासारख्या काळ्या पडत. सोंवळ्याच्या कल्पनेमुळें तें घराच्या सर्वांत आंतल्या भागीं आणि सर्वांपासून तुटलेलें असावें अशीच योजना असे. घरांतील बायकांचे आयुष्याचे बहुतेक तास याच दोन जागीं गेले. जुन्या वाड्याचें कौतुक करतांना चौकांतल्या तुळशीचें वर्णन हटकून येतें. धुरानें चुरचुरणाऱ्या डोळ्यांचें क्वचितच येतें. म्हणून आज वाड्याची अंतर्रचना नव्यानें करावयाची तर सोपा अधिक शोभिवंत कसा दिसेल हा प्रश्न दुय्यम होय. पुढच्या अंगाचा उजेड आणि वारा मागच्या अंगास कसा पोंचेल, हा खरा प्रश्न. तो सुटला तर घर मोकळें झालें. एरवीं फक्त पाहुण्यांची सोय झाली.

या मूळच्या अंधारांत पुढें बिऱ्हाडांची भर पडली. शहरें वाढलीं, धन्यांची उत्पन्नें घटलीं, आणि एका कुटुंबाच्या वाड्यांत आठ-दहा कुटुंबें राहूं लागलीं. १९४७ सालीं मुंबई प्रांतांत भाडेनियंत्रणाचा कायदा झाला. १ सप्टेंबर १९४० रोजीं जें भाडें होतें तेंच सामान्यतः प्रमाण धरलें गेलें, आणि पुढें दशकेंच्या दशकें तें जवळजवळ तेथेंच राहिलें. बिऱ्हाडकरूस आसरा मिळाला यांत संशय नाहीं. परंतु त्या भाड्यांत कौलें चाळण्याचाहि खर्च निघेना, म्हणून धनी दुरुस्ती करीना. आणि जागा आपली नव्हे, म्हणून बिऱ्हाडकरूहि करीना. दोघांनीं केलें तें एवढेंच कीं, खणाखणांत आडोसे उभे केले. अर्ध्या विटेच्या भिंती, फळ्यांचीं पार्टिशनें, पत्र्याचे पडदे. आज जो वाडा कोंदट खोल्यांचा दिसतो, त्याच्या खोल्या पुष्कळशा याच काळांतल्या.

तेव्हां हे आडोसे काढले कीं काम झालें, असें कोणासहि वाटेल. येथेंच सावधपणा हवा. आडोसा बांधला त्या दिवशीं त्यावर भार नव्हता हें खरें. पण मधल्या साठ-सत्तर वर्षांत वरची तुळई वांकली असेल तर ती हळूहळू त्याच आडोशावर येऊन टेकलेली असते. बिनभाराची भिंत न बोलतां भार घेऊं लागते. तुळईच्या खालच्या कडेस एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत दोरी ताणून धरली म्हणजे हा बांक लगेच दिसतो. ओळंबा सोडून खांब सरळ आहेत कीं झुकले आहेत तें पाहावें. आडोशाच्या नेमकी वर माडीवरहि भिंत आहे काय, तेंहि पाहावें; असल्यास त्या जागीं अनुभवी अभियंत्याच्या सल्ल्यावांचून एक वीटहि हलवूं नये. वांकलेल्या तुळईस दोन्ही बाजूंनीं लांकडी धिरे द्यावे, पाचर मारून ते घट्ट करावे, कांहीं दिवस जाऊं द्यावे, आणि मग आडोसा वरून खालीं, थराथरानें उतरवावा. खालून पहार मारून तो एकदम लोळविण्यांत मजुरीचा एक दिवस वांचतो. त्या एका दिवसापायीं माडी खालीं आल्याचीं उदाहरणें जुन्या वस्तींत ऐकावयास मिळतात.

आडोसा उतरला म्हणजे आंत गाडला गेलेला खांब पुष्कळदां बाहेर येतो. तो पाहून आनंद होतो खरा. पण पहिलें लक्ष द्यावें तें त्याच्या बुडाकडे. वर्षानुवर्षें ओल्या गिलाव्यांत राहिल्यानें बूड कुजलेलें किंवा वाळवीनें पोखरलेलें असूं शकतें. सुताराची टोचणी सहज आंत शिरली तर तेवढा भाग कापून, भार धिऱ्यांवर घेऊन, जुन्या सागाचा जोड द्यावा लागतो. सारा खांब बदलण्याचें कारण क्वचितच पडतें. लोखंडी गर्डर घालून मोकळें व्हावें असें सुचविणारे पुष्कळ भेटतात. गर्डर मजबूत असतो यांत वाद नाहीं. पण त्याचें टोंक मातीच्या भिंतीवर जेथें टेकतें तेथें तो सारा भार एका बिंदूवर आणतो, आणि माती तो सोसत नाहीं. त्याखालीं रुंद दगडी किंवा काँक्रीटची बैठक दिल्यावांचून गर्डर बसवूं नये.

वरच्या मातीचाहि विचार व्हावा. सहा इंच जाडीच्या मातीचें वजन दर चौरस फुटास वीस ते पंचवीस किलो भरतें. म्हणजे दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद एवढ्या जागेवर दोन टनांहून अधिक. ती काढली तर तुळयांस मोठाच आराम पडतो. मात्र माती गेली कीं माडीवर चाललेल्या प्रत्येक पावलाचा आवाज खालीं येतो, आणि कौलाखालच्या मजल्यावर उन्हाळ्यांत तापहि वाढतो. म्हणून सगळी माती न काढतां थर पातळ करणें हा मधला मार्ग बहुधा बरा पडतो.

मातीच्या भिंतीचा मोठा शत्रु पाणी. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि मुठेचें पाणी पुण्याच्या नदीकांठच्या पेठांत शिरलें. त्या दिवशीं पाण्याच्या लोंढ्यानें जितके वाडे कोसळले, त्यांच्या जोडीला पाणी ओसरल्यावर, पायथ्याची माती भिजून मऊ झाल्यामुळें बसलेलेहि होते. अंतर्रचनेशीं या आठवणीचा संबंध थेट आहे. आज प्रत्येकास आपल्या निजण्याच्या जागेस लागून न्हाणीघर हवें असतें. मातीच्या भिंतीस टेकून न्हाणी बांधणें म्हणजे पानशेतचें पाणी थोडें थोडें करून रोज घरांत घेणें होय. पाण्याच्या सर्व जागा, म्हणजे न्हाणी, शौचकूप, भांडीं घासण्याची मोरी, चौकाच्या एकाच अंगास, एकावर एक अशा आणाव्या, आणि त्यांच्या भिंती मूळ भिंतीपासून चार बोटें सुट्या ठेवाव्या. गिलाव्याविषयींहि असेंच. मातीच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा केला कीं ती वर्षभर फार देखणी दिसते. मग आंतली ओल बाहेर पडावयास वाट न मिळाल्यानें गिलाव्याचे पापुद्रे सुटूं लागतात आणि त्यांच्यामागें भिंत भुसभुशीत झालेली आढळते. चुन्याच्या गिलाव्यांतून ओल बाहेर जाऊं शकते. जुन्या गवंड्यांस चुनाच कां प्रिय होता याचें कोडें एवढ्यांत उलगडतें.

एवढें सारें झाल्यावर मग मांडणी. आरंभ स्वयंपाकघरापासून करावा. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधला आडोसा निघाला, आणि माजघराचें तोंड सोप्याकडे मोकळें झालें, म्हणजे चौकांतला उजेड थेट ओट्यापर्यंत येतो. स्वयंपाक करणारी व्यक्ति, मग ती घरांतील कोणीहि असो, चौकाकडे तोंड करून उभी राहील असा ओटा बांधावा. भिंतीकडे तोंड करून नव्हे. परंतु पाश्चात्य पुस्तकांतील उघडें स्वयंपाकघर जसेंच्या तसें उचलूं नये. लसणाची फोडणी आणि सांडगी मिरची या गोष्टी त्या पुस्तकांच्या कर्त्यांस ठाऊक नसतात. तळणाचा वास आणि तेलाची वाफ खणाखणांतून फिरून शेवटीं जुन्या लांकडावर चिकट पुट धरते. धूर ओढून घेणारा पंखा ओट्याच्या नेमका वर आणि शक्य तितका भिंतीजवळ हवा. शिवाय ओटा व बैठक यांच्यामधल्या खणांत घडीच्या दारांची चौकट असावी. एरवीं तीं खांबाशीं मिटून राहतील, आणि पुरणाचा किंवा तळणाचा दिवस असला कीं तेवढ्यापुरतीं लावतां येतील.

उघडतां आणि मिटतां येणें ही सोय केवळ स्वयंपाकापुरती नाहीं. पूर्ण मोकळ्या घरांत आजोबांची दुपारची झोंप, परीक्षेस बसलेल्या मुलाचें वाचन आणि कोणाच्या तरी दूरध्वनीवरील गप्पा हीं सर्व एकाच वेळीं एकमेकांच्या अंगावर येतात. जुन्या माणसांनीं यावर तोड काढली होती ती पडद्यांची आणि चिकांची. खणाच्या माथ्यावर चिक गुंडाळून ठेवावा, हवा तेव्हां सोडावा. वेताचा किंवा बांबूचा चिक वारा अडवीत नाहीं आणि नजर अडवितो. आवाजहि अडवावयाचा असेल तर मात्र लांकडी दाराला पर्याय नाहीं. म्हणून प्रत्येक घरांत निदान एक जागा चारी बाजूंनीं बंद होणारी, खरोखरीची खोली म्हणून राखावी. बाळंतीण, आजारी माणूस, रुसलेलें मूल, सर्वांस ती केव्हां तरी लागते.

चौकावर कांचेचें छप्पर घालून त्याचा दिवाणखाना करण्याची टूम हल्लीं पसरूं लागली आहे. चौकांतून तापलेली हवा वर निघून जाते आणि तिच्या जागीं पडव्यांतून थंड हवा येते. घराचा श्वास चालतो तो असा. तो चारी बाजूंनीं बंद केला तर वैशाखांत घराची भट्टी होईल. पावसाची झड अडवावयाचीच असेल तर छप्पर कौलांच्या कडेहून दीड-दोन फूट उंच उचलावें आणि चारी बाजू उघड्या ठेवाव्या.

सामानाविषयीं थोडेंच सांगावयाचें. वाड्याच्या तुळया पुष्कळदां सात-आठ फुटांवरच असतात, आणि तेथील सौंदर्य जमिनीलगत बसून दिसावें असें आहे. उंच पाठीचे कोच आणि छताला भिडणारीं कपाटें खण बुजवितात, आणि आडोसे पाडून मिळविलेलें सारें पुन्हां गमावलें जातें. बुटकी बैठक, लोड, तक्के, एखादा पाट-चौरंग यांनीं तीच जागा दुप्पट वाटते. वस्तू ठेवावयास जाड भिंतींत कोनाडे आणि फडताळें असतातच. बिऱ्हाडांच्या काळांत पुष्कळ विटांनीं बुजविलेलीं आढळतात, तीं उघडावीं. झोंपाळा हवाच असेल, आणि तो कोणास नको असतो, तर त्याच्या कड्या सांधा दिलेल्या किंवा वांकलेल्या तुळईस अडकवूं नयेत. हलणारा भार स्थिर भारापेक्षां लांकडास अधिक जाचतो. छत काळवंडलेलें असेल तर त्यावर चकचकीत रोगण चढवूं नये. काजळी सौम्यपणें धुवून तेलाचा एक हात दिला कीं सागाचा मूळ रंग वर येतो.

विजेच्या तारा मात्र सौंदर्याच्या नांवाखालीं लांकडांत लपवूं नयेत. शनिवारवाडा १७३२ सालीं राहावयास सिद्ध झाला आणि २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं त्यास आग लागली. आज तेथें तट, दरवाजे आणि दगडी जोतीं दिसतात. आंतले महाल गेले. १८७९ सालच्या आगींत बुधवारवाडा गेला आणि विश्रामबागवाड्याचाहि भाग जळाला. खण आणि कड्या यांचें घर आगीपुढें कसें असतें तें यावरून दिसतें. तारा नळींतून, डोळ्यांस दिसतील आणि हात पोंचेल अशा, तुळईच्या कडेनें न्याव्या. जुन्या जोडण्या मुळापासून काढून टाकाव्या.

वाडा महानगरपालिकेच्या वारसा-वास्तूंच्या यादींत असल्यास आंतल्या फेरफारांसहि परवानगी लागूं शकते. ती काम सुरू होण्यापूर्वीं काढावी. कामाचा आरंभ दिवाळीनंतर करणें सोईचें. धिरे देणें, आडोसे उतरविणें, खांबांचे जोड हीं कामें हिवाळ्यांत उरकतात. चुन्याचा गिलावा सावकाश वाळावा लागतो, म्हणून तो उन्हें तापण्यापूर्वीं, माघ-फाल्गुनांत व्हावा. कौलें चाळणें आणि पन्हळी साफ करणें हें रोहिणी नक्षत्र संपण्यापूर्वीं आटोपलेंच पाहिजे. मृगाच्या पहिल्या सरीस नवी भिंत उघडी सांपडतां कामा नये.